भुंग्याच्या पोटातला ठिपका

३ मार्च

मायना लिहीत नाही. 'प्रिय' लिहिलं तर मला स्वतःचंच हसू येईल, आणि दुसरं काही लिहिलं तर तू ते उद्या वकिलाला दाखवशील. फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. कामाचंच लिहिते.

भुंग्याला कोणीतरी हात लावलाय.

आता "कोणता भुंगा?" असं विचारून साळसूदपणा करू नकोस. घरात भुंगा एकच. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तू बांधलेला, हिरव्या झाकणाचा. घरी येणाऱ्या प्रत्येकाला पकडून सांगायचास, "गिटारचा सरळ, गोरागोमटा स्वर इकडून आत जातो, आणि पायाने हे बटण दाबलं की तिकडून फाटून, जाड होऊन, गुरगुरत बाहेर येतो." तर तो आता गुरगुरत नाही. किंचाळतो. खालची जाड तारसुद्धा पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी वाजते. बॅटरी नवी घातली, वायर बदलली, ड्रमवाल्याच्या भावाची गिटार आणून लावून पाहिली. दोष भुंग्यातच आहे, आणि दिवसेंदिवस वाढतोय.

तुला वाटेल, एवढं काय त्यात. एकोणतीस तारखेला, रविवारी, माझं रेकॉर्डिंग आहे. माझं. दुसऱ्या कोणाच्या मागे उभं राहून वाजवायचं नाही, माझं गाणं, माझ्या नावावर. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासते ती काय हौस म्हणून? स्टुडिओवाल्याने मला बोलावलं तेच भुंग्याच्या आवाजासाठी. परवा त्याला नवा तुकडा ऐकवला, तर म्हणाला, "बाई, हा तो आवाज नाही. तो आणणार असाल तर या, नाहीतर तारीख दुसऱ्याला देतो."

आता सरळ विचारते. या घराच्या किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक तुझ्या आईंकडे, एक तुझ्याकडे. मी झाकण उघडलेलं नाही. आईंनी रेडिओच्या कारखान्यात उभा जन्म काढला आणि सोल्डरिंग तुला त्यांनीच शिकवलं, हे मला माहीत आहे. पण त्या गिटारला "ते तुझं" म्हणतात आणि माझ्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. मग उरलं कोण? रात्रभराच्या प्रवासावर राहतोस म्हणून मी तुला सोडून देईन असं समजू नकोस.

जाताना म्हणाला होतास, "तुझ्या संशयाचा मला कंटाळा आलाय." येऊ दे कंटाळा. काय फिरवलंस आणि परत जागेवर कसं आणायचं, एवढं उलट टपाली कळव. किल्लीही पाठव.

९ मार्च

चार ओळी लिहिल्यास. मेहेरबानी.

"मी आलेलो नाही. त्यातले ट्रान्झिस्टर जुने आहेत, जर्मेनियमचे. उन्हं तापली की त्यांचा आवाज बदलतो. गार करून वाजवून बघ. नाहीतर आईला विचार."

गार करून बघितलं. भुंगा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये, दुधाच्या भांड्याशेजारी ठेवला. आईंनी फ्रिज उघडला, बघितलं, मुकाट्याने बंद केला. दुसरी कुठलीही सासू असती तर तिने सूनबाईच्या डोक्यावरच बर्फ ठेवला असता. त्या काही बोलल्या नाहीत, आणि तिथेच मला पहिली शंका आली.

गार केल्यावर फरक पडला, नाही म्हणत नाही. जराशी गुरगुर परत आली. पण किंचाळणं तसंच. म्हणजे तुझं उन्हाचं कारण अर्धं खरं आहे. अर्धं खरं बोलण्यात तुझा हात कोण धरणार?

"आईला विचार." विचारलं. भांडी लावत होत्या, मी दारातून विचारलं, "आई, मी नसताना माझ्या खोलीत कोणी येतं का?" वळल्या, माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हो हो, ठेवलाय चहा." मी काय विचारतेय आणि त्या काय सांगताहेत! एवढ्या वर्षांत या बाईने मला कधी उडवाउडवीचं उत्तर दिलं नव्हतं. फटकन तोंडावर बोलणारी बाई आहे ती. हल्ली मात्र काहीही विचारा, "हो हो." माझ्याशी वाद घालणंही सोडलंय.

आणि आज जिन्यात वरच्या मजल्यावरचे शेजारी भेटले. "तुमचं संध्याकाळचं वाजवणं आम्ही सहन करतो, पण दुपारी तरी झोपू द्या," म्हणाले. दुपारी मी लॅबमध्ये असते. दुपारी माझ्या घरात कोण वाजवतं, सांग ना.

१४ मार्च

आता तुझं काही ऐकून घ्यायचं राहिलेलं नाही. झाकण उघडलं.

आत ते दोन बारके स्क्रू आहेत ना, एक आवाजाच्या धारेचा, एक जोराचा. तू भुंगा बांधलास त्या दिवशी दिवसभर तेच फिरवत बसला होतास. मी तार छेडायची, तू केसभर फिरवायचास, मी नाक मुरडायची. शेवटी आवाज जमला तेव्हा म्हणालास, "आता याच्यावर ठिपका ठेवायचा." आईंच्या कारखान्यातली रीत. शेवटचा हात ज्याचा, त्याने स्क्रूवर रंगाचा थेंब ठेवायचा. म्हणजे स्क्रू हलत नाही, आणि कोणी हलवला तर थेंब तडकतो, कळतं. आणि ज्याचा थेंब तो जबाबदार, सेट परत आला तर त्याला बोलवायचं. तुझ्याकडे रंग नव्हता म्हणून माझं नवंकोरं मरून नेलपॉलिश घेतलंस आणि बाटली उघडी ठेवून वाळवलीस. तेव्हा मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते, आठवतं का?

तर तो मरून ठिपका आता दिसत नाही. दोन्ही स्क्रूंवर नारिंगी ठिपका आहे.

नारिंगी! मी जन्मात नारिंगी लावलेलं नाही. तुझ्या आई नखं रंगवणाऱ्यातल्या नाहीत. मग कोणाचं आहे ते? मी खूप वेळ त्या ठिपक्याकडे बघत बसले, आणि खरं सांगते, आधी आवाज गेल्याचं दुःख होतं, नंतर ते विसरलेच. कोणाला तरी बरोबर घेऊन तू माझ्या खोलीत बसतोस, माझी गिटार तिच्या हातात देतोस, ती छेडते, तू फिरवतोस. आणि शेवटी ती पर्समधून बाटली काढते. आणि ठिपका ठेवून जाता! इतका निर्ढावलास की चोरी करून वर सहीही करतोस? ठेवला नसता तर मला कळलंसुद्धा नसतं.

स्क्रूला मी हात लावलेला नाही. एकतर तो पुरावा आहे. दुसरं म्हणजे मूळची जागा कोणती ते मला माहीत नाही, आणि केसभर चूक म्हणजे काय असतं ते कवळ्या करणाऱ्या बाईला शिकवायला नको. लॅबमधून प्लास्टरची पांढरी पूड आणलीय. झाकण लावून त्याच्या कडेला सगळीकडून भुरभुरली आहे. आता ये.

१८ मार्च

पूड पुसली गेली. मला वाटलं होतं तसंच झालं.

पण पुढचं मला वाटलं नव्हतं. संध्याकाळी आई पेपर वाचत बसल्या होत्या. त्यांच्या चष्म्याच्या काडीवर पांढरं बोट उमटलेलं होतं. स्वच्छ, अंगठ्याचं. म्हणजे तू येतोस तेव्हा त्या माझ्या खोलीत तुझ्याबरोबर बसतात. झाकण धरतात, नाहीतर टॉर्च धरतात.

काल मी किल्ली लॅबमध्ये विसरले. बेल वाजवली. परत वाजवली. बोट बेलवरून काढलंच नाही, तरी दार उघडेना. आत दिवा चालू, पावलांची सावली दाराखालून इकडून तिकडे जाताना दिसतेय, पण दार उघडत नाही. बऱ्याच वेळाने उघडलं. म्हणाल्या, "डोळा लागला होता." चेहरा पांढराफटक. पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. मागच्या जिन्याने तुला वाट करून देत होत्या, दुसरं काय?

तू गेलास तेव्हा मी रडले नाही. तेव्हा आई म्हणाल्या होत्या, "तो जातोय तर जाऊ दे. मी इथेच राहणार, मला या जिन्याची सवय आहे." मला वाटलं, त्यांनी माझी बाजू घेतली. कोणी ऐकलं तर हसेल, पण मला आई मिळाल्यासारखं वाटलं होतं. आम्ही दोघी बऱ्या होतो रे. त्या भिंतीपलीकडे शिवत बसायच्या, मी इकडे वाजवायची, मध्येच त्या भिंतीवर चापट मारायच्या, म्हणजे "हे चांगलं होतं, परत वाजव." ती चापटही हल्ली बंद झालीय. मन लागत नसेल, पोटात पाप असल्यावर कसं लागणार?

तर आता असं कर. तुझी आई तू घेऊन जा. रविवारी ये, एकोणतीसला. मी स्टुडिओत असेन, नसेन तर लॅबचं काम घेऊन बाहेर जाईन, पण तुझं तोंड बघायला घरी थांबणार नाही. त्यांच्या औषधांच्या बाटल्या शिलाई मशीनच्या खणात आहेत. मला तो खण उघडू देत नाहीत, म्हणून त्या तूच घे. त्यानंतर कुलूप बदलेन.

२१ मार्च

तुझी एक ओळ पोचली. "रविवारी येतो, आईला घेऊन जातो."

या वेळी एकदाही "मी नव्हतो" म्हणाला नाहीस. नारिंगीबद्दल अवाक्षर नाही.

आईंना मी आज सांगितलं. त्या खिडकीशी उभ्या होत्या, मी मागून म्हटलं, "रविवारी तुमचा मुलगा येतोय. तुम्हाला घेऊन जायला." वळल्यासुद्धा नाहीत. मी परत सांगितलं, तेव्हा वळून म्हणाल्या, "हो हो." आणि खाली पडलेली टाचणी उचलायला वाकल्या. बस, एवढंच! तुम्हा दोघांचं आधीच ठरलेलं असणार, माझ्यापर्यंत आज पोचलं. मी खोलीत जाऊन त्यांची बॅग काढली आणि साड्या भरायला घेतल्या. अर्ध्यावर सोडून दिलं.

स्टुडिओवाल्याला मंगळवारी शेवटचं कळवायचंय. नाही म्हणून सांगेन. भुंगा तसाच किंचाळतोय.

२४ मार्च

हे कुरिअरने पाठवतेय, रविवारच्या आत तुझ्या हातात पडायला हवं. शेवटपर्यंत वाच. मध्येच हसू नकोस, आणि हसलास तर मला सांगू नकोस.

आज लॅबमधलं पॉलिशचं यंत्र बसलं, दुपारीच सुटी मिळाली. म्हटलं, कुलूप आजच बदलून टाकू. नाक्यावरच्या किल्लीवाल्याला बरोबर घेतलं. जिना चढतोय तर खालूनच भुंगा ऐकू आला. ठँग! मग शांत. मग परत ठँग! वाजवणाऱ्याचा हात नव्हता तो, तार नुसती उपटत होतं कोणीतरी. किल्लीवाला कुजबुजला, "ताई, आत माणूस आहे." मी म्हटलं, "माणूस नाही, नवरा आहे." त्याने पिशवीतून हातोडी काढून हातात धरली, बिचाऱ्याने.

दार धाडकन उघडलं आणि मी ओरडले, "सापडलास!"

कोणी हललंसुद्धा नाही.

माझ्या खोलीत आई जमिनीवर बसल्या होत्या, दाराकडे पाठ करून. गिटार मांडीवर आडवी. भुंग्याचं झाकण उघडं. हातात तुझा तो पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर, जो तू नेलास म्हणून मी तुला फोनवर मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. डावा कान ॲम्प्लिफायरच्या जाळीला लावलेला. तार उपटायच्या, ऐकायच्या, स्क्रू फिरवायच्या. किल्लीवाल्याने हातोडी काखेत मारून दोन्ही कानांवर हात ठेवले होते, आणि आई कपाळाला आठ्या घालून आणखी वाढवत होत्या.

"आई," मी म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं. मग त्यांच्या अगदी पाठीशी उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडले. त्यांच्या मानेवरचा केससुद्धा हलला नाही. ते "हो हो", तो चहा, ती बेल, ती बंद झालेली चापट, सगळं एकदम डोक्यात शिरलं आणि मी तिथेच खाली बसले.

त्यांच्या शेजारी नारिंगी नेलपॉलिशची बाटली होती. आणि मशीनचा खणच त्यांनी काढून इथे आणला होता. औषधांच्या बाटल्यांच्या टोपणांवर नारिंगी ठिपके, सकाळच्या गोळ्या कोणत्या ते कळायला. बाई ती हीच, रे. नारिंगीवाली.

मी सरकत समोर गेले. त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "आज लवकर? थांब, हात लावू नकोस, ठिपका ठेवायचाय."

"आई, हे काय चाललंय?"

माझ्या ओठांकडे बघून त्यांनी सावकाश उत्तर दिलं. "तुझं यंत्र उतरत चाललं होतं. रोज थोडं थोडं, भिंतीतून कळायचं मला. तुझं रेकॉर्डिंग तोंडावर आलेलं, तू दमून येतेस, तुला काय कळणार? म्हटलं, आपण चढवून ठेवू. चढवलं की दोन दिवस बरं यायचं, मग परत उतरायचं."

"यंत्र नाही उतरलेलं, आई."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आता माहीत आहे. गेल्या मंगळवारी सहज दार उघडलं तर तू बाहेर, बोट बेलवर दाबलेलं, आणि मला काही ऐकू येत नाही. तेव्हा कळलं बिघाड कुठे आहे. जन्मभर दुसऱ्यांचे सेट तपासले, आणि हा सेट तपासायचा राहिला."

"मग आज परत का फिरवत होता?"

"कुठपर्यंत चढवलं की तू ऐकू येतेस, ते बघत होते."

किल्लीवाला दारात उभा होता, त्याने हातोडी हळूच पिशवीत टाकली आणि आवाज न करता निघून गेला. पैसेही मागितले नाहीत.

मग मी विचारलं, मला सांगितलं का नाही. विचारायला नको होतं. म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू मला त्याच्याकडे पाठवलं असतंस. बहिऱ्या म्हातारीचं किती दिवस करणार? आणि तिथे माझं कोण आहे? तो दिवसभर कामावर. इथे निदान तू वाजवतेस."

त्यांना माहीत नाही. परवा मी खिडकीशी जे सांगितलं ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्यांची अर्धी भरलेली बॅग भिंतीपलीकडे पलंगाखाली पडली होती, आणि मी त्यांच्यासमोर मान खाली घालून बसले होते. मान खाली घातली की त्यांना माझे ओठ दिसत नाहीत, हेही माझ्या लक्षात नव्हतं. मी दोनदा "चुकलं माझं" म्हटलं. नंतर मान वर करून तिसऱ्यांदा म्हटलं. त्यांना वाटलं भुंग्याबद्दल बोलतेय. "चुकायचं काय त्यात, उन्हाने होतं," म्हणाल्या.

आणि मूळचा आवाज? मी तीन आठवडे डोकं आपटून घेतलं तो? आईंनी टाचणीच्या टोकाने आपला नारिंगी थर अलगद सोलून काढला. खाली तुझं मरून तसंच होतं. मधोमध तडकलेलं, अर्धं स्क्रूच्या डोक्यावर, अर्धं बाजूच्या कडेवर. "दुसऱ्याचा ठिपका खरवडायचा नसतो," म्हणाल्या. "वर आपला ठेवायचा. दोन्ही अर्धे समोरासमोर आण, त्याची जागा सापडेल." मी अर्ध्याला अर्धं जुळवलं, तार छेडली, आणि भुंगा गुरगुरला. तोच. तू लावलेला. मी स्टुडिओवाल्याला फोनवरच ऐकवला. "हाच, बाई! इतके दिवस कुठे ठेवला होतात?" म्हणाला. रविवार पक्का झाला.

मी आनंदाने आईंकडे बघितलं. त्या माझ्या बोटांकडे बघत होत्या. "लागला का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या हाताएवढ्या अंतरावर तो वाजत होता.

म्हणून आता कामाचं लिहिते. आम्ही दुसरा भुंगा बांधतोय, आईंसाठी. घरी मी त्याच्यातूनच वाजवेन. डबा लॅबमधला आहे, कवळीचे दात येतात तो. सोल्डरिंग त्या करणार, त्यांचा हात अजून तुझ्यापेक्षा सरळ आहे. तुझ्याकडचे जुने ट्रान्झिस्टर आण, दोन लागतील, तीन-चार आण, त्या निवडतील. याच्यात आत स्क्रू नको. वर मोठं बटण हवं, जुन्या रेडिओला असतं तसं, झाकण न उघडता फिरवता येईल असं. ठिपका ठेवायचा नाही. आई म्हणतात, रोज फिरवावं लागेल, आणि बहुतेक एकाच बाजूला. कानाच्या डॉक्टरांची वेळही घेतली आहे, पुढच्या आठवड्यातल्या बुधवारची. पण तोवर त्यांना भिंतीतून मी ऐकू यायला हवी.

नारिंगीबद्दल जे लिहिलं ते पत्र फाडून टाक. तरीही, खरोखरच कोणी असेल तर आत्ताच सांग, म्हणजे मला उगाच बरं वाटायला नको. आणि "आईला विचार" लिहिलंस ते सहज लिहिलंस की तुला काही माहीत होतं? समोर बसून सांग, पत्रात तुझं तोंड दिसत नाही.

रविवारी ये. आईंना न्यायला नाही. बॅग मी रिकामी करून माळ्यावर टाकलीय. मी संध्याकाळपर्यंत स्टुडिओत असेन, घरी त्या एकट्याच असतील. बेल वाजवत उभा राहू नकोस, त्यांना ऐकू येत नाही. कुलूप तेच आहे आणि तुझ्याकडे किल्ली आहे, ती वापर.